योगक्षेमातील ‘क्षेम’ आणि आपले घर

(चंद्रपूर येथे कार्यकर्ते व त्यांच्या कुटुंबीयांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजच्या व्याख्यानाचा विषय ‘नैसर्गिक आपत्ती आणि घराचा विमा’ असा आहे. तो ऐकून काहींच्या कपाळावर आठी उमटली असेल. अशा मेळाव्यात राष्ट्र, समाज, संस्कृती या विषयांवर बोलायचे असते. विमा हा विमा प्रतिनिधीने घरी येऊन बोलण्याचा विषय, अशी आपली समजूत असते. परंतु ज्या जिल्ह्यांत आपण राहतो, तेथे दर पावसाळ्यात शेकडो संसार पाण्यात उभे राहतात आणि त्यानंतर आपलेच कार्यकर्ते धान्य, कपडे व सतरंज्या घेऊन धावतात. त्या संसारांचे पुढे काय होते, वीस वर्षांच्या कमाईने बांधलेले घर पुन्हा कसे उभे राहते, हा प्रश्न समाजाचाच आहे. म्हणून हा विषय मी मोकळ्या मनाने स्वीकारला.

आपल्याकडे ‘योगक्षेम’ हा फार अर्थपूर्ण शब्द आहे. जे मिळालेले नाही ते मिळवणे हा योग, आणि जे मिळाले आहे त्याचे रक्षण करणे हे क्षेम, असा त्याचा अर्थ भाष्यकारांनी सांगितला आहे. १९५६ साली आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. त्याचे बोधवाक्यही भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायातील याच शब्दावर आधारलेले आहे. आपल्या मध्यमवर्गीय घरांचा विचार केला तर योगाकडे आपले पूर्ण लक्ष असते. प्लॉट घ्यायचा, कर्ज काढायचे, हप्ते फेडायचे, वरचा मजला चढवायचा. क्षेमाचा विचार मात्र वास्तुशांतीच्या दिवशी होतो आणि तेथेच संपतो. वास्तुदेवतेची पूजा अवश्य करावी; पण तिच्या रक्षणाचा जो भाग आपल्या हाती सोपवला आहे, तोही आपणच पार पाडला पाहिजे.

या भूमीचा स्वभाव

आधी आपण कोठे राहतो ते नीट पाहू. वर्धा, वैनगंगा, त्यांच्या संगमातून होणारी प्राणहिता, पुढे गोदावरी, आणि पूर्वेकडून येणारी इंद्रावती. विदर्भाचे आणि बस्तरचे बरेचसे पाणी अखेरीस आपल्याच दोन जिल्ह्यांच्या सीमांवरून वाहते. चंद्रपूर नगरी गोंड राजांनी इरई आणि झरपट यांच्या संगमाजवळ वसवली. तिच्याभोवती सुमारे अकरा किलोमीटर लांबीचा तट उभारला. तटाच्या आत वस्ती आणि बाहेर नदीला मोकळी जागा, अशी ती रचना होती. गेल्या काही दशकांत आपण तटाबाहेरच्या सखल भागात, नदीच्या हक्काच्या जागेत घरे बांधली. त्यामुळे इरई धरणाचे दरवाजे उघडले आणि खाली वर्धेलाही पूर असला की इरईचे पाणी पुढे सरकत नाही. ते मागे फुगते आणि वस्तीत शिरते. इरईच्या काठावरील कोळसा खाणींच्या मातीच्या ढिगाऱ्यांमुळे पात्र आक्रसले, ही नागरिकांची तक्रारही जुनी आहे.

जुलै २०२२ मध्ये आपण हे पुन्हा अनुभवले. चंद्रपूर शहराच्या नदीकाठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. वर्धेच्या पुराने बल्लारपूर-राजुरा मार्ग बंद पडला. त्याच महिन्यात गोदावरी व प्राणहितेच्या पुराने सिरोंचा तालुक्यातील गावेच्या गावे हलवावी लागली. त्याआधी दोनच वर्षे, म्हणजे ऑगस्ट २०२० च्या अखेरीस, मध्य प्रदेशातून आलेले पाणी आणि गोसीखुर्दचा विसर्ग यांमुळे वैनगंगेने रौद्र रूप धारण केले. ब्रह्मपुरी तालुक्यातील लाडज हे तर चहूबाजूंनी नदीने वेढलेले गाव. त्याची काय अवस्था झाली असेल याची कल्पना करावी. सप्टेंबर २०१९ मध्ये भामरागड पाण्याखाली होते. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांच्या संगमावरचे ते गाव. पर्लकोटेच्या पुलावर पाणी चढले की संपूर्ण तालुक्याचा संपर्क तुटायचा, हे तेथील लोकांनी वर्षानुवर्षे सोसले आहे. सिरोंच्यातील वृद्ध मंडळी आजही ऑगस्ट १९८६ च्या गोदावरीच्या महापुराची आठवण काढतात.

पण संकट केवळ पाण्याचेच नाही. मृगाच्या आधीची वादळे टिनाची छपरे आणि कवेलू उडवून नेतात. विजा पडतात. मोहफुले आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात जंगलाला लागलेला वणवा कधी गावाच्या कुंपणापर्यंत येतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडमधून रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत आला आणि धानाबरोबर घरांच्या भिंतींचेही नुकसान होऊ लागले. ४ डिसेंबर २०२४ रोजी तेलंगणातील मुलुगू परिसरात ५.३ तीव्रतेचा भूकंप झाला. त्याचे हादरे आपल्या दोन्ही जिल्ह्यांत जाणवले. किल्लारीलाही ३० सप्टेंबर १९९३ पूर्वी कोणी धोक्याचे गाव म्हणत नव्हते, हे येथे ध्यानात घ्यावे.

आणि एक संकट तर खास आपले आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुस येथील अमराई वॉर्डात एक राहते घर पाहता पाहता जमिनीत गेले. साठ-सत्तर फूट खोल खड्डा पडला. खाली जुनी भूमिगत कोळसा खाण होती. घरातील माणसे वेळीच बाहेर पडली म्हणून जीव वाचले. पण परिसरातील अनेक कुटुंबांना राहते घर सोडावे लागले. ज्या भूमीच्या पोटातील कोळशाने देशाला वीज दिली, त्या भूमीवर राहणाऱ्यांच्या पायाखालची जमीनच शाश्वत नाही. हे आपल्या जिल्ह्याचे वेगळे दुःख आहे.

पूर्वी हे संकट कसे पेलले जाई?

कोणी म्हणेल, ‘आमच्या आजोबांनी कधी विमा काढला नाही, त्यांचे काय अडले?’ हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचे उत्तर शोधले तर आजची गरज अधिक स्पष्ट होते.

आपल्या पूर्वजांनी संकटाचा विचार केला नव्हता, हा गैरसमज आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चौथ्या अधिकरणात दैवी आपत्तींचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. अग्नी, पूर, रोगराई, दुर्भिक्ष, उंदीर, हिंस्र श्वापदे, सर्प आणि राक्षस अशी आठ संकटे त्यात सांगितली आहेत. उन्हाळ्यात ग्रामस्थांनी स्वयंपाक घराबाहेर करावा. पावसाळ्यात नदीकाठच्यांनी पुराची वाट सोडून राहावे आणि फळ्या, बांबू, नावा सज्ज ठेवाव्यात, असे तो सांगतो. त्याच ग्रंथात कर्जावरील व्याजाचे दर आहेत. साधे न्याय्य व्याज दरमहा शेकडा सव्वा पण. जंगलातून व्यापार करणाऱ्याला दहा पण आणि समुद्रावरून जाणाऱ्याला वीस. याचा अर्थ असा की, जेथे धोका अधिक तेथे त्याचे मोल अधिक, हा हिशेब दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याकडे मांडला गेला होता, आणि त्यात अरण्याचा उल्लेख स्वतंत्रपणे होता. जोखमीचा हिशेब ही काही पश्चिमेकडून उसनी आणलेली गोष्ट नव्हे.

आपल्या भागात गोंड राजवटीने तलाव बांधणाऱ्याला जमीन देण्याची ‘तुकूम’ पद्धत रूढ केली. मालगुजारी तलावांचे जाळे उभे राहिले. हा अवर्षणाविरुद्धचा विमाच होता. त्याचा हप्ता श्रमाच्या रूपाने भरला जाई. घर पडले तर निस्ताराच्या हक्काने जंगलातून बांबू-लाकूड मिळे, माती शेतात होती, कवेलू गावच्या कुंभाराकडे होते आणि हात भावकीचे होते. चार-आठ दिवसांत गाव मिळून एखाद्याचे घर उभे करी. गावकी हीच विमा कंपनी होती.

मग बदलले काय? घर बदलले. मातीच्या घराची जागा सिमेंटने घेतली, आणि ती घेणे योग्यच होते. २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजनेतून वनवासी पाड्यांपर्यंत पक्की घरकुले पोहोचली, ही मोठीच उपलब्धी आहे. परंतु मातीची भिंत श्रमाने उभी राहते आणि सिमेंटचा स्लॅब पैशाने उभा राहतो. शेजारी भिंत बांधायला हात लावील. सळया आणि सिमेंटचे पैसे तो कोठून देणार? त्यात कुटुंबे लहान झाली, मुले पुण्या-नागपुराला गेली. घराची जोखीम आता संपूर्णपणे पैशाच्या रूपात आली आहे. म्हणून तिचे निवारणही पैशाच्या रूपात असणे अपरिहार्य आहे. अनेकांनी थोडे थोडे द्यावे आणि ज्याच्यावर प्रसंग येईल त्याला त्यातून पुरेसे मिळावे, हे विम्याचे तत्त्व गावकीच्याच तत्त्वाचा विस्तार आहे.

सरकार देते, पण किती?

‘पूर आला तर सरकार मदत देतेच’ ही दुसरी समजूत. तलाठी येतो, पंचनामा होतो, रक्कम खात्यात जमा होते, हे खरे. परंतु रकमेकडे पाहावे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीचे निकष असे होते : घर पूर्णपणे नष्ट झाल्यास सपाट भागात १ लाख २० हजार रुपये आणि डोंगराळ वा विशेष कृती आराखड्याच्या जिल्ह्यांत १ लाख ३० हजार रुपये; किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६ हजार ५०० रुपये आणि कच्च्या घराला ४ हजार रुपये; झोपडीला ८ हजार रुपये.

हे आकडे सरकारवर टीका करण्यासाठी सांगत नाही. शासनाचे हे साहाय्य माणसाला संकटातून सावरता यावे यासाठी असते. ती नुकसानीची भरपाई नव्हे, असे निकषांमागील तत्त्वच आहे. पण पंधरा-वीस लाखांचे घर बांधणाऱ्या शिक्षकाच्या, छोट्या व्यापाऱ्याच्या, खाण कामगाराच्या भिंतींना तडे गेले तर ६ हजार ५०० रुपयांत गवंड्याची मजुरीही भागत नाही. दिवाण, फ्रीज, शिलाई यंत्र, मुलांची पुस्तके, धान्याची कोठी यांचा तर प्रश्नच वेगळा. उरलेले सर्व ओझे कर्जाच्या रूपाने त्या कुटुंबाच्या डोक्यावर येते आणि मुलीचे शिक्षण किंवा लग्न चार वर्षे पुढे ढकलले जाते. ही हानी कोणत्याही पंचनाम्यात नोंदवली जात नाही.

‘भारत गृह रक्षा’ म्हणजे काय?

सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण १ जानेवारी १९७३ पासून अमलात आले. १९९९ च्या कायद्याने विमा नियामक प्राधिकरण स्थापन झाले आणि खासगी कंपन्याही आल्या. परंतु घराच्या विम्याचे कागद इतके क्लिष्ट असत की सामान्य माणूस त्यांच्या वाटेला जात नसे. यावर उपाय म्हणून प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी लागू केली. अग्नी विमा करणाऱ्या सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांनी ती देणे बंधनकारक आहे आणि तिच्या मूळ अटी सर्वत्र सारख्याच आहेत. हप्त्याचा दर मात्र कंपनीगणिक वेगळा असतो, म्हणून दोन-तीन ठिकाणी चौकशी करावी.

तिच्यात काय येते? आग, स्फोट, वीज कोसळणे, भूकंप, वादळ, पूर, पाणी साचणे, जमीन खचणे, दरड कोसळणे, वणवा, झाड वा वाहन आदळून होणारे नुकसान, दंगल आणि दहशतवादी कृत्य, पाण्याची टाकी वा नळ फुटणे. एवढेच नव्हे, तर अशा घटनेनंतर सात दिवसांच्या आत त्या घरात चोरी झाली, तर तीही येते. पुराच्या वेळी घर सोडून शाळेत आसरा घेणाऱ्यांना हे कलम किती महत्त्वाचे आहे, ते सांगायला नको.

विम्याची रक्कम ठरवण्याची रीत सोपी आहे. घराचे चटई क्षेत्र गुणिले आजचा बांधकाम खर्च. समजा घर साठ चौरस मीटरचे आहे आणि बांधकामाला चौरस मीटरमागे २० हजार रुपये लागतात. तर विमा १२ लाखांचा झाला. येथे लोक एक चूक करतात. ते प्लॉटची किंमत त्यात धरतात. जमीन वाहून जात नाही, म्हणून तिचा विमा नसतो. विमा असतो तो पुन्हा बांधण्याच्या खर्चाचा. इमारतीचा विमा काढला की आतील सामानाला आपोआप २० टक्के, पण १० लाखांच्या मर्यादेत, संरक्षण मिळते. आपल्या उदाहरणात ते २ लाख ४० हजार रुपये होईल. दागिने, चांदीची भांडी यांसाठी वेगळे वैकल्पिक संरक्षण घ्यावे लागते. रोख रक्कम, वाहन आणि कागदपत्रे यांत येत नाहीत. घर राहण्यायोग्य होईपर्यंत दुसरीकडे राहावे लागल्यास त्या भाड्याचीही तरतूद आहे.

जुन्या पॉलिसींत एक मोठी मेख असे. १२ लाखांच्या घराचा विमा ६ लाखांचाच काढला असेल, तर २ लाखांच्या नुकसानीला एकच लाख मिळे. ‘भारत गृह रक्षा’मध्ये ही कपात रद्द करण्यात आली आहे. मुदत दहा वर्षांपर्यंत घेता येते, आणि दीर्घ मुदतीच्या पॉलिसीत विम्याची रक्कम दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढते. हप्त्याविषयी बोलायचे तर मध्यम आकाराच्या पक्क्या घराला तो वर्षाकाठी सहसा काही शेकड्यांत असतो. दिवाळीच्या फटाक्यांवर आपण किती खर्च करतो, ते ज्याने त्याने आठवावे.

जेथे अडते, ते आधी जाणावे

विम्याची केवळ स्तुती करून मी थांबलो तर ती तुमची दिशाभूल होईल. विम्याच्या कागदात ‘नाही’ म्हणणारी कलमे असतात आणि आपल्या जिल्ह्यांच्या दृष्टीने ती फार महत्त्वाची आहेत.

पहिले कलम नदीकाठ झिजण्याचे. पुराच्या पाण्याने घर पडले तर भरपाई मिळते; पण नदीने काठ कापत आणल्यामुळे जमीन खचून घर गेले, तर ते नुकसान वगळलेले आहे. वैनगंगा आणि प्राणहितेच्या काठावर राहणाऱ्यांनी हा भेद लक्षात ठेवावा. दुसरे, भराव घातलेली जमीन. सखल शेतजमिनीवर मुरूम टाकून पाडलेल्या प्लॉटवर घर बांधले आणि भराव खाली बसल्यामुळे भिंती फाटल्या, तर ती भरपाई मिळत नाही. तिसरे, नव्या बांधकामाच्या स्वाभाविक भेगा आणि सदोष बांधकाम. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात फुगून उन्हाळ्यात आकसण्याचा गुण आहे. त्यामुळे पडणाऱ्या बारीक तड्यांना कोणी दाद देणार नाही.

चौथे कलम सर्वांत गंभीर. जमीन खचण्याला संरक्षण आहे. परंतु उत्खननामुळे खचल्यास ते नाकारले जाऊ शकते. मग जुन्या भूमिगत खाणीवरच्या घराचे काय? घुग्घुस, बल्लारपूर, माजरी या पट्ट्यातील रहिवाशांनी हा प्रश्न पॉलिसी घेण्यापूर्वी कंपनीला लेखी विचारावा आणि उत्तरही लेखी घ्यावे. तोंडी ‘हो, सगळे येते’ या शब्दांवर विसंबू नये. ज्या वस्त्यांखाली जुन्या खाणी आहेत, त्यांच्या नकाशांची माहिती लोकांना मिळणे आणि धोक्याच्या जागी राहणाऱ्यांचे खाण उद्योगाने सन्मानाने पुनर्वसन करणे, हाच तेथील खरा उपाय आहे. विमा हा न्यायाला पर्याय होऊ शकत नाही. रानटी हत्तींनी भिंत पाडल्यासही विमा कंपनीची भूमिका आधी विचारून ठेवावी आणि वन विभागाकडे अर्ज करण्यात हयगय करू नये.

आणखी एका गोंधळाकडे लक्ष वेधतो. बँकेचे गृहकर्ज घेताना ‘विमा’ म्हणून जी रक्कम कापली जाते, ती अनेकदा कर्जदाराच्या जीविताच्या विम्याची असते. तो मृत्यू झाला तर कर्ज फेडतो. घर पडले तर काहीच देत नाही. काही वेळा घराचाही विमा असतो, पण त्याची प्रत घरात कोणाकडेच नसते. बँकेच्या शाखेत जाऊन ‘माझ्या घराचा विमा आहे का, कोणत्या कंपनीचा, किती रकमेचा आणि केव्हापर्यंत’ हे चार प्रश्न विचारावेत. कर्ज फिटले की बँकेमार्फत काढलेला विमा बहुधा बंद पडतो आणि ते आपल्या गावीही नसते.

प्रसंग आला तर

पाणी ओसरल्यावर प्रथम घर धुऊन काढावे, असे गृहिणींना वाटणे स्वाभाविक आहे. पण थोडे थांबावे. भिंतीवरील पाण्याची रेषा, भिजलेले सामान, पडलेली भिंत यांची छायाचित्रे तारखेसह घ्यावीत. विमा कंपनीला त्वरित दूरध्वनीने आणि लेखी कळवावे, तक्रार क्रमांक टिपून ठेवावा. सर्व्हेअर येईपर्यंत खराब झालेल्या वस्तू फेकू नयेत. ठेवणे अशक्यच असेल तर छायाचित्रे घेऊन यादी करावी आणि दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्याव्यात. तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रत मागून घ्यावी. आपल्याकडे रस्ते बंद पडतात, सर्व्हेअर वेळेवर पोहोचत नाही. अशा वेळी हीच कागदपत्रे आपली बाजू मांडतात. पॉलिसी, घराची नोंद, वीज देयक यांच्या प्रती डिजिलॉकरमध्ये किंवा परगावच्या नातेवाइकाकडे ठेवाव्यात. ज्या कपाटात पाणी शिरले त्याच कपाटात पॉलिसी होती, असे घडू नये.

दावा अन्यायाने नाकारला गेला तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे जावे. तेथे दाद न लागल्यास विमा लोकपाल आहे. तेथे वकील लागत नाही, शुल्क नाही आणि ५० लाखांपर्यंतची प्रकरणे चालतात. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. विमा प्राधिकरणाच्या १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

पंक्तीतील शेवटच्या पानाचे काय?

येथवर सांगितले ते पक्क्या घरात राहणाऱ्यांसाठी. परंतु ताट्यांच्या भिंती आणि गवताचे छप्पर असलेल्या घराला विमा कंपन्या ‘कच्चे बांधकाम’ म्हणतात आणि सहसा त्याकडे वळत नाहीत. ज्याला गरज सर्वाधिक, तोच या छत्राबाहेर राहतो. पंडित दीनदयाळजींनी अंत्योदयाचा जो विचार मांडला, त्याच्या कसोटीवर ही व्यवस्था अजून उतरलेली नाही, हे मान्य केले पाहिजे.

असे प्रयत्न यापूर्वी झाले नाहीत असे नाही. १९८८ साली केंद्राने ग्रामीण गरिबांसाठी झोपडी विमा योजना आणली होती. आगीत झोपडी जळाल्यास तिच्यासाठी हजार आणि सामानासाठी पाचशे रुपये मिळत. रक्कम अल्प होती, पुराचा त्यात समावेश नव्हता. पण गरिबाला हप्ता न भरता संरक्षण देता येते, हे त्यातून दिसले. गुजरातमध्ये ‘सेवा’ या संघटनेने १९९२ पासून असंघटित कामकरी स्त्रियांसाठी विमा चालवला आणि २००१ च्या कच्छच्या भूकंपानंतर घरे पडलेल्या सभासदांना भरपाईही दिली.

आपल्याकडे हे का होऊ नये? गडचिरोलीतील मेंढा-लेखा ग्रामसभेला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ पासून तिने स्वतः बांबूची विक्री केली. त्यानंतर अनेक ग्रामसभांच्या हाती बांबू आणि तेंदूपत्त्याचे उत्पन्न येऊ लागले. त्यातील लहानसा वाटा काढून गावातील सर्व घरकुलांचा एकत्रित विमा काढता येईल. शासनाने प्रत्येक घरकुलाला पहिली दहा वर्षे विम्याचे कवच द्यावे, अशी मागणीही आपण लावून धरली पाहिजे. लाख-सव्वा लाख रुपये खर्चून बांधलेले घर असुरक्षित ठेवणे शासनालाही परवडणारे नाही. तोवर निदान एक गोष्ट तर आजच करता येते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत १८ ते ७० वयाच्या खातेदाराला २ लाखांचे अपघाती संरक्षण आहे. वीज पडून वा पुरात वाहून जाऊन कर्ता पुरुष वा कर्ती स्त्री गेल्यास त्या घराला हा आधार ठरतो. बँक खाते आहे, पण हा अर्ज भरलेला नाही, अशी कितीतरी माणसे पाड्या-पाड्यांवर आहेत.

कार्यकर्त्यांसाठी

आपत्तीत धावून जाण्याची आपली परंपरा मोठी आहे. १९७९ चे मोरवी असो, १९९३ चे किल्लारी असो वा २००१ चे कच्छ. स्वयंसेवक ढिगाऱ्यांपर्यंत पोहोचले, हे विरोधकांनीही मान्य केले. पण सेवेचे दोन भाग असतात. एक संकटानंतरचा, त्यात आपण निष्णात आहोत. दुसरा संकटापूर्वीचा. त्याला टाळ्या नाहीत, छायाचित्रे नाहीत, म्हणून तो मागे पडतो.

माझी विनंती अशी आहे. अक्षय तृतीया ते मृग नक्षत्र या काळात प्रत्येक वस्तीत चार-पाच कार्यकर्त्यांनी घरोघर जावे. सोबत बँकेत वा विमा कार्यालयात काम केलेली एक निवृत्त व्यक्ती असावी. अशी माणसे प्रत्येक नगरात आहेत. घर कोणत्या जागी आहे, पुराची रेषा कोठपर्यंत आली होती, विमा आहे का, असल्यास मुदत केव्हा संपते, सुरक्षा विम्याचा अर्ज भरला आहे का, याची वही करावी. कोणत्याही एका कंपनीची भलामण करू नये, कमिशनचा स्पर्शही या कामाला होऊ देऊ नये. लोकांना कागद वाचून दाखवावा, वगळलेली कलमे आधी सांगावीत. जो घर नदीच्या वाटेत बांधू पाहतो, त्याला स्पष्टपणे परावृत्त करावे. पूर आला तर हीच वही कोणाला आधी हलवायचे हे सांगेल आणि पूर ओसरल्यावर कोणाचा दावा भरायचा हेही सांगेल.

आणि येथे बसलेल्या प्रत्येक कुटुंबाला माझे एवढेच सांगणे आहे की, आज घरी गेल्यावर सर्वांनी एकत्र बसावे. आपल्या घराच्या पुनर्बांधणीला आज किती रुपये लागतील, याचा आकडा एका कागदावर लिहावा. त्याखाली, आज असे काही घडले तर ते पैसे कोठून येतील, हेही लिहावे. दुसरी ओळ रिकामी राहिली, तर येत्या आठवड्यात ती भरण्याच्या उद्योगाला लागावे. पावसाळा आपल्या सवडीची वाट पाहत नाही.